बोंड कसं उकलतं, आणि तेच लोखंडाकडून कसं करवून घ्यायचं

वेचणी उरकल्यावर पऱ्हाटीला राहिलेलं एक रिकामं बोंड तोडून हातात घ्या. चार-पाच फाका, टोकं बोटाला टोचणारी, आतली बाजू फिकट आणि गुळगुळीत, बाहेरची काळपट. देशी कपाशीच्या बोंडाला फाका तीन-चार असतात, अमेरिकन वाणांना बहुधा चार-पाच. हिरवं असताना हे बोंड घट्ट मिटलेलं होतं. पिकल्यावर त्याची भिंत वाळायला लागली, पण भिंतीचे सगळे थर सारखे आकसले नाहीत. म्हणून शिवणीवर फट पडली आणि प्रत्येक फाक हळूहळू बाहेर वळली. देठाजवळ ती जवळजवळ सरळच राहिली, वळण आलं ते टोकाकडे.

निसर्गावरून अमूर्त धातुशिल्प करायचं तर या बोंडातून काय उचलायचं, हा पहिला प्रश्न. बहुतेक नवशिके बोंडाचा आकार उचलतात. पत्र्याचं पाच फुटी बोंड करतात, मध्ये पांढरा रंग लावतात. बघणारा लगेच ‘कापूस’ म्हणतो आणि पुढे जातो. अमूर्त शिल्पकार त्या बोंडातली घटना उचलतो: मिटलेली वस्तू वाळते, एका बाजूने जास्त आकसते आणि त्या ताणाने उघडते. कापूस गेला, रंग गेला, बोंडही गेलं तरी चालेल. उघडण्याचा तो ताण शिल्पात शिल्लक राहायला हवा. आणि गंमत अशी की लोखंडालाही हे असंच करता येतं. कसं, ते पुढे येईलच.

कपाशीच्या या विदर्भाला लोखंड काही नवं नाही. नागपूर जिल्ह्यात नैकुंडच्या उत्खननात महापाषाण काळातली, सुमारे अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीची लोखंड गाळायची भट्टी सापडली. आधुनिक धातुशिल्पाचा रस्ताही कलाशाळेइतकाच कारखान्यातून गेला आहे. स्पेनचा शिल्पकार हुलिओ गोन्झालेझ १९१८ साली फ्रान्समधल्या रेनो कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकला आणि पुढे १९२८ पासून पिकासोला लोखंडाच्या कामात त्याची मदत झाली. अमेरिकेचा डेव्हिड स्मिथ १९२५ च्या उन्हाळ्यात स्टुडबेकरच्या मोटार कारखान्यात कामाला होता. आपल्याकडे पिलू पोचखानवाला, आदि दावियेरवाला, राघव कनेरिया यांनी जोडलेल्या धातूत आणि भंगारात काम केलं. मीरा मुखर्जी बस्तरमध्ये जाऊन पारंपरिक ओतकाम करणाऱ्यांकडून शिकल्या. बस्तर गडचिरोलीला लागूनच आहे. म्हणून तालुक्याच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात सहा महिने हात काळे करणं हा शिल्पकाराच्या शिक्षणाचा मुख्य भाग समजावा. शक्य असेल तर आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड करावा. जोडाचा पाया तिथे पक्का होतो. मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय किंवा बडोद्याची ललितकला विद्याशाखा नंतरही गाठता येते.

अमूर्ताला लोक ‘काहीही’ समजतात, ही तक्रार जगभर जुनी आहे. रुमानियन शिल्पकार ब्रांकुशीचं ‘बर्ड इन स्पेस’ हे शिल्प १९२६ साली न्यूयॉर्क बंदरात उतरलं तेव्हा कस्टमवाल्यांनी ते कलाकृती मानायला नकार दिला. स्वयंपाकाची भांडी आणि दवाखान्याचं सामान या वर्गात टाकून त्यावर ४० टक्के जकात लावली. त्यात चोच नव्हती, पंख नव्हते, पिसं नव्हती. १९२८ साली न्यायालयाने शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला. ब्रांकुशीने पक्ष्यातून फक्त झेप ठेवली होती. बोंडातून उघडणं ठेवणं याच जातीचं काम आहे.

आधी कागद, मग तार

एकाच वस्तूची किमान तीसेक चित्रं काढा. पहिली दहा जशी दिसते तशी. पुढच्या दहांत सावली नको, फक्त कडा आणि वळणं. शेवटच्या दहांत वस्तूच नको. दोन फाकांमधली रिकामी जागा काढा. ही रिकामी जागा शिल्पात लोखंडाइतकीच बोलते, आणि नवख्या कामात नेमकी तीच दुर्लक्षित राहते. बोंडाऐवजी एप्रिलमधल्या काळ्या मातीच्या भेगा घ्या, मोहाच्या खोडाचा पीळ घ्या, सुगरणीचा खोपा घ्या, धुऱ्यावरचं वारूळ घ्या, रीत तीच. एका शिल्पाला एकच नियम: भेगेचा, पिळाचा, विणीचा किंवा उकलण्याचा. दोन नियम एकत्र आणले की शिल्प गोंधळतं.

मग १:५ या प्रमाणात छोटा नमुना. बांधायच्या तारेने सांगाडा करा आणि लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या पाकळ्या कापा. हा कागद साधारण ०.४ मिमीचा भरतो, म्हणजे पाचपट केल्यावर २ मिमी पत्र्याच्या जाडीला जुळतो. त्यानंतर तेलाच्या १५ किलोच्या डब्याचा पत्रा पत्राकात्रीने कापून तोच नमुना पुन्हा करा. कागद कुठेही वळतो. पत्रा एका वेळी एकाच दिशेने नीट वळतो. दोन्ही दिशांना वळण हवं असेल तर त्याला ठोकून ताणावं लागतं. हा फरक डब्याच्या पत्र्यावर कळला तर नुकसान दहा रुपयांचं, मोठ्या पत्र्यावर कळला तर हजारोंचं.

नमुना झाला की त्याचा फोटो उलटा करून बघा. उलटा करूनही तोल आणि ताण जाणवतो का? संध्याकाळी त्याच्या मागे दिवा ठेवून भिंतीवर सावली पाडा. फक्त सावलीत चारही बाजूंनी वेगवेगळी, पण एकाच स्वभावाची आकृती दिसली पाहिजे. एकीकडून छान आणि तिन्हीकडून पत्र्याचा ढीग, असं दिसत असेल तर लोखंडाला हात लावू नका.

भंगार ओळखायचं कसं

गावात लोखंडाला तोटा नाही, पण सगळं लोखंड एक नसतं. बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव मऊ असते, सहज वळते आणि जोडलीही जाते. वखराची पास, ट्रॉलीच्या कमानीचा पाटा, बेअरिंग यांच्यात कार्बन जास्त असतो. साध्या वेल्डिंग रॉडने जोडलं तर दिसायला जोड सुंदर येतो, आणि गार होताना किंवा दुसऱ्या दिवशी जोडाच्या शेजारीच ‘टिक’ आवाज करून तडा जातो. कारण जोडाजवळचा पट्टा झटकन गार होऊन काचेसारखा कडक होतो. असा तुकडा वापरायचाच असेल तर आधी गरम करा, जोडल्यावर राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून रात्रभर हळूहळू गार होऊ द्या. जुन्या मोटारपंपाचा किंवा कडबा कापायच्या मशीनचा भाग बिडाचा असतो. तो निकेलच्या रॉडशिवाय धरत नाही. बिडाचे भाग बोल्टने बसवावेत, हेच शहाणपणाचं.

ओळख ग्राइंडरवर होते. तुकडा सावलीत हलकासा टेकवा आणि ठिणग्यांकडे नीट बघा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळसर आणि सरळ जातात, टोकाला एखादाच फाटा फुटतो. जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या आखूड; चाकाजवळच फुलबाजीसारखे दाट तारे फुटतात. बिडाच्या लालसर, मंद आणि फार आखूड. आठवडाभरात डोळा बसतो.

काही वस्तू मात्र शिल्पात आणूच नयेत. कीटकनाशकाचे डबे आणि फवारणी पंपाच्या टाक्या कितीही धुतल्या तरी नकोत. बंद ड्रम, डिझेलची टाकी यांना वेल्डिंग किंवा कटिंग करणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. आत इंधनाची वाफ महिनोन्‌महिने राहते. जस्त चढवलेल्या पत्र्याच्या धुराने रात्री थंडी-ताप भरतो, म्हणून जोडाभोवती दोन इंच जस्त घासून काढा आणि उघड्यावर काम करा. क्रोम चढवलेली सायकलची रिम जोडताना निघणारा धूर त्याहून वाईट. ती तार बांधून लावा, वेल्डिंग नको.

एका उकलणाऱ्या शिल्पाचं माप

समजा जमिनीपासून सव्वादोन-अडीच मीटर उंच, खांबावर चार पाकळ्यांचं काम करायचं आहे. २ मिमी म्हणजे १४ गेजचा ८×४ फुटी पत्रा घ्या. लोखंडाचं वजन काढायची सोपी रीत: एक चौरस मीटर, एक मिमी जाड, ७.८५ किलो. त्या हिशेबाने हा पत्रा सुमारे ४७ किलोचा. पाकळी १२० सेमी लांब आणि मध्ये ४० सेमी रुंद, होडीच्या आकाराची. पत्रा आडवा धरला तर अशा सहा पाकळ्या निघतात. चार शिल्पाला, दोन चाचणीला. चाचणीच्या दोन वाचवू नका.

सागाच्या ओंडक्यात ताटाएवढा खळगा कोरा आणि त्यावर लाकडी किंवा रबरी हातोड्याने पाकळी ठोकून मध्ये दोन-तीन सेमी खोलगट करा. खोलगट झालेला पत्रा सपाट पत्र्यापेक्षा कितीतरी ताठ होतो. पाठीवर, खालच्या अर्ध्या भागात, ४०×६ मिमीची पट्टी उभी जोडा. ६० सेमी लांब, वर निमुळती. सुट्या पत्र्याचा देठ वाऱ्यात दुमडतो, तो भार ही पट्टी घेते.

आता वळण. पत्र्यावर वेल्डिंगची ओळ मारली की तिथलं लोखंड तापून पसरतं, आजूबाजूचं थंड लोखंड त्याला पसरू देत नाही, आणि गार होताना ते आधीपेक्षा आखूड होतं. ओळ एकाच बाजूला असेल तर ती बाजू आकसते आणि पत्रा त्या बाजूला वळतो. बोंडाची फाकही एका बाजूच्या जास्त आकसण्यानेच वळली होती. फॅब्रिकेशनच्या दुकानात हा दोष मानतात आणि ठोकून काढतात. इथे तोच कामाला लावायचा. पाकळीच्या पाठीवर, वरच्या अर्ध्या भागात, रुंदीच्या दिशेने आडव्या ओळी मारा, एकमेकींपासून चार-पाच सेमीवर. टोकाकडे दोन-तीन सेमीवर आणा म्हणजे वळण वाढत जाईल. २.५ मिमीचा ६०१३ जातीचा रॉड, ६० ते ७० अँपिअर. पहिली ओळ मधली, मग एक वर, एक खाली, आणि प्रत्येक ओळ हात लावण्याइतकी गार झाल्यावरच पुढची. घाई केली तर सगळा पत्रा एकदम तापतो, दोन्ही बाजू सारख्याच आकसतात, वळण येत नाही आणि पत्र्याला लाटा पडतात. किती ओळींनी टोक किती सरकतं ते चाचणीच्या पाकळीवर फूटपट्टी धरून मोजा आणि लिहून ठेवा.

ओळी घासून काढू नका, असं आमचं ठाम मत आहे. पाठीवर त्या तशाच दिसू द्याव्यात. वळण कशाने आलं ते जवळून बघणाऱ्याला कळतं. पोटाची बाजू मात्र फ्लॅप डिस्कने (ग्राइंडरला लावायची घासपेपरच्या पट्ट्यांची चकती) ६० आणि मग १२० नंबरने साफ करा. बोंडाची एक बाजू खरखरीत आणि एक गुळगुळीत असते, ते इथे आपोआप येतं.

चार पाकळ्या खांबाच्या डोक्यावरच्या ८ मिमी जाड चकतीला लावताना समोरासमोरच्या दोन आधी फक्त टाक्यांवर, म्हणजे वेल्डिंगच्या छोट्या ठिपक्यांवर, धरा, मग उरलेल्या दोन. वीस पावलं लांब जाऊन चहूकडून बघा, पसंत पडलं तरच पक्कं करा. पक्कं करतानाही एका पाकळीला तीन सेमी, मग समोरच्या पाकळीला तीन सेमी, असं फिरत राहा. एकच पाकळी सलग जोडली तर ती बाकीच्यांना ओढून खांबच तिरपा करते.

विजेचं बघा. सिंगल फेजवर चालणारं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन या कामाला पुरतं. पण आजूबाजूचे पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं, रॉड चिकटतो आणि जोडात स्लॅग (रॉडवरच्या लेपाची मळी) अडकतो. असं व्हायला लागलं की काम थांबवा. अँपिअर वाढवून रेटू नका, कारण व्होल्टेज परत आलं की त्याच सेटिंगवर पत्र्याला भोक पडतं. लांबून वायर आणायची तर ४ चौरस मिमी तांब्याची. पावसाळ्यात रॉड ओलावतात आणि जोडाला बारीक छिद्रं पडतात. पाकीट हवाबंद डब्यात ठेवा.

अंगावर सुती कपडे, चामड्याचे हातमोजे, १० किंवा ११ नंबरच्या काचेचं हेल्मेट. नायलॉनचा शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. ग्राइंडरचं गार्ड कधीच काढू नये. आणि आपल्याकडचा सर्वांत मोठा धोका: मार्च ते जून. पऱ्हाटीचे ढीग, कडबा, पूर्वेकडच्या जिल्ह्यांत धानाची तणस, यातलं काही जवळ असेल तर ग्राइंडर लावूच नका. ठिणग्या दिसतात त्याहून लांब जातात. पाण्याची बादली आणि वाळू हाताशी, काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबणं, हे ठरलेलं असावं.

वारा आणि काळी माती

नमुना टेबलावर उभा राहतो म्हणून मोठं शिल्प उभं राहील असं नाही. पाचपट मोठं केलं की वाऱ्याला अडवणारं क्षेत्र पंचवीसपट होतं. भारतीय मानकांत नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. दाब काढायचं सूत्र ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर न्यूटनमध्ये येतं, ते ९.८१ ने भागलं की किलो: म्हणजे चौरस मीटरला सुमारे ११८ किलोचा रेटा. आपल्या शिल्पाची समोरून दिसणारी बाजू ०.८ चौरस मीटर धरली आणि खोलगट तोंडासाठी दीडपट केली तर सुमारे १४२ किलो. हा रेटा जमिनीपासून १.८ मीटरवर लागतो. दोन इंची बी क्लास (मध्यम जाडीचा) पाइप दिसायला नाजूक आणि देखणा, पण या भाराला वाकतो. तीन इंची, ४ मिमी जाडीचा पाइप अर्ध्याहून कमी ताणावर टिकतो. सुंदर दिसतं म्हणून बारीक खांब निवडणं ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक. वैशाखातल्या एका वावटळीत शिल्प आडवं होतं.

पाइपखाली ३००×३०० मिमी, १२ मिमी जाड प्लेट, चार कोपऱ्यांना त्रिकोणी आधार, १६ मिमीचे चार फाउंडेशन बोल्ट. पाया ९० सेमी लांब, ९० सेमी रुंद, ६० सेमी खोल. सुमारे ११६० किलोचं काँक्रीट होतं, एम-२० दर्जाच्या मिश्रणाला चार पोती सिमेंट लागतं. शिल्पाचं स्वतःचं वजन जेमतेम ४५ किलो भरतं, म्हणजे त्याला उभं धरतो तो पायाच.

पण हा पाया काळ्या मातीवर ठेवून भागत नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि दोन वर्षांत पाया एका बाजूला कलतो. मुरूम लागेपर्यंत खोदा. फारच खोल गेला तर खड्डा चारही बाजूंनी अर्धा मीटर रुंद करा, १५-१५ सेमीच्या थरांनी मुरूम भरून, पाणी मारून धुमसा आणि त्यावर पाया घाला. शाळेत, चौकात, माणसांची वर्दळ असते तिथे शिल्प बसवायचं असेल तर हे सगळं स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घेतलंच पाहिजे. पाकळ्यांची टोकं डोक्याच्या वर राहू द्या. मे महिन्यातलं तापलेलं लोखंड पोरांच्या हाताला भाजतं, म्हणून खांबाभोवती ओटा किंवा झुडपं ठेवा.

गंज ठेवायचा की रोखायचा

खोलगट भागात पाणी साचतं. प्रत्येक पाकळीच्या सर्वांत खालच्या जागी ८-१० मिमीचं भोक पाडा, नाहीतर आधी गंज आणि मग डासांच्या अळ्या. पाइपचं तोंड चकतीने पूर्ण बंद करा. आत शिरलेलं पाणी आतूनच खात जातं आणि बाहेरून वर्षानुवर्षं कळत नाही.

नव्या पत्र्यावरची निळसर-काळी खपली काढल्याशिवाय कुठलाही रंग टिकत नाही. ती पत्र्याचाच भाग वाटते, पण एक-दोन पावसाळ्यांत रंगासकट पापुद्रे सुटतात. घासून, मग जस्तयुक्त इपॉक्सी प्रायमर, वर पॉलियुरेथेनचे दोन हात.

गंजाचाच रंग हवा असेल तर घासलेल्या, तेल पुसलेल्या पत्र्यावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड अर्धा लिटर, पांढरं व्हिनेगर ६० मिली आणि चमचाभर मीठ यांचं मिश्रण उन्हात फवारा. मिनिटांत नारिंगी रंग धरतो. मिश्रण बंद बाटलीत साठवू नका, वायू सुटून ती फुटते. दोन-तीन फवारण्यांनंतर भरपूर पाण्याने मीठ धुऊन काढा. मीठ राहिलं तर गंज थांबतच नाही. कॉर्टेन जातीच्या पोलादाचा गंज कालांतराने घट्ट बसून आतलं पोलाद वाचवतो, साध्या लोखंडाचा तसा गुण नाही. त्यामुळे साध्या पत्र्यावर हा रंग मेणाने किंवा पारदर्शक लॅकरने बंद करावाच लागतो. मेण दरवर्षी दोनदा: मृग लागण्याआधी आणि दिवाळीनंतर. त्याच वेळी बोल्टचे नट तपासा, भोकं काडीने मोकळी करा, आणि पाठीवरच्या ओळींच्या शेवटी केसासारखा तडा दिसतो का ते भिंगाने बघा. तडा सापडला तर त्याच्या टोकावर ३ मिमीचं भोक पाडून तो तिथेच थांबवा आणि मगच घासून पुन्हा जोडा.